शनिवारचा खोकला

बुऱ्हाणपूरला जाऊन आले म्हटलं की ऐकणारा पहिल्यांदा मुमताजचं नाव काढतो. ती इथं वारली, आधी इथंच पुरली, मग आग्ऱ्याला नेली. हो बाबांनो, खरं आहे ते. पण मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा ती जागा न बघता परत आले. जिवंत बायकांना श्वास घेता येत नव्हता आणि माझं डोकं इतकं तापलेलं होतं की इमारती बघण्यात मन लागेना. ज्यांना किल्ल्याचं वर्णन हवंय त्यांनी खुशाल दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं.

माझं काम जंतूंचं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी जिवाणूंचे जीनोम वाचते, म्हणजे एकेका जिवाणूची सगळी जनुकीय अक्षरं ओळीनं लावून तो कोण, कुठला, कुणाचा सोयरा ते ठरवते. कापसावर राहणारे काही जिवाणू फार खोडसाळ असतात. माणसाच्या अंगात ते वाढत नाहीत, पण त्यांच्या कवचातला विषारी अंश धुळीबरोबर छातीत गेला की श्वासनळ्या आवळून बसतात. सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये, सूतगिरणीत वर्षानुवर्षं राबणाऱ्यांची फुप्फुसं यानं कायमची खराब होतात. आम्ही कापसाच्या गावागावांतून हे जंतू गोळा करत होतो. त्या यादीत बुऱ्हाणपूरसमोर आमच्या साहेबांनी लिहिलं होतं, 'निरोगी गाव'. त्यांची तुकडी आधी येऊन, जिनिंगमधल्या बायकांना प्रश्न विचारून गेली होती आणि इथं हा आजार नाही असा अहवाल झाला होता. मला फक्त इथली धूळ आणायची होती, आजारी गावांच्या धुळीशी ताडून बघायला.

बुधवारा, शुक्रवार

उतरले शोभाताईंकडे. या माझ्या नवऱ्याच्या आतेबहीण, माहेर नेपानगरचं, बुधवारा पेठेत घर आणि तिथल्याच शाळेत शिक्षिका. मराठी बोलायला सुरुवात करतात आणि वाक्य हिंदीत जाऊन उभं राहतं. "वहिनी, आप पहले चहा घ्या, मग जंतू-वंतू बघा ना!"

चहा घेऊन मी बर्फाची पेटी, बाटल्या, हवा ओढणारं यंत्र असं सगळं लटांबर रिक्षात घातलं आणि जिनिंगच्या फाटकाशी गेले. फाटकाला भलंमोठं कुलूप. आत एक पहारेकरी बिडी ओढत बसलेला.

"आज तर शुक्रवार हाये मॅडम. आज बंद राहते."

"शुक्रवारी? रविवारी नाही?"

"रविवारी चालू राहते ना. शहरातले पावरलूम शुक्रवारी बंद, तर आपली जिनिंगबी बंद."

साहेबांच्या तुकडीतल्या एकाही शहाण्यानं मला हे सांगितलं नव्हतं. पुण्याहून एवढं सामान वाहून आणायचं आणि कुलपाचं दर्शन घ्यायचं! रिक्षावाल्यानं परतीचे पैसे वेगळे मागितले, तेही दिले. घरी आले तर शोभाताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर! इथं शुक्रवारी सगळंच ठंडा असतं. लूमवाल्यांची नमाजची सुट्टी, आणि अर्धे मजूर त्यांच्याच घरचे. पोरं आमच्या शाळेतसुद्धा शुक्रवारी कमी येतात."

मग काय, दिवस फुकट गेला तो खाण्यात घालवला. मांडे खाल्ले. आपल्याकडे मांडे म्हटलं की पुरणाचे, गोड, सणाचे. इथले मांडे फिके, उलट्या कढईवर हातभर पसरलेले, रुमालासारखी घडी घालून वांग्याच्या झणझणीत रश्शाबरोबर समोर येतात. मी साखर मागितली तर वाढणारा माझ्याकडे बघतच राहिला. मग माव्याची जिलबी, काळपट, जाडजूड, एका जिलबीत माणूस गार. संध्याकाळी तापीच्या घाटावर पायऱ्यांवर बसले. पाणी शांत होतं, पलीकडे केळीच्या बागा हिरव्यागार. राग जरासा निवला.

तो घरी आल्यावर पुन्हा चढला. नमुन्यांसाठी निर्जंतुक करून ठेवलेल्या माझ्या पेटीत शोभाताईंनी जिलबीचा पुडा ठेवला होता! "थंड राहील म्हटलं," त्या म्हणाल्या. मी ओरडले. त्यांनी तोंड एवढंसं केलं. मग मी पेटी पुन्हा स्पिरिटनं पुसून काढली आणि त्यांनी रुसूनच रवा-तूप-साखर फेटून केलेल्या दराब्याची वाटी पुढे सरकवली. दराबा तोंडात विरघळतो तसा राग विरघळत नाही, पण शोभाताईंवर फार वेळ रागावताही येत नाही.

जिनिंग, शनिवार

फाटक उघडं होतं. आत मोठी शेड, एका बाजूला कापसाचा डोंगर, मधे सरकी वेगळी काढणारी यंत्रं धडधडत होती. टोपल्या भरभरून बायका कापूस यंत्रापाशी नेत होत्या. हवेत रुई इतकी की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. तोंडाला ओढणी, नाहीतर पदराचं टोक.

आणि कापसाच्या ढिगावर एक माणूस रबरी पाइपनं पाणी मारत होता.

"हे कशाला?" मी शेठना विचारलं. शेठ पांढऱ्या शर्टातले, गोड बोलणारे.

"मॅडम, सुका कापूस म्हणजे बारूद. ठिणगी उडाली की सगळं भसाभस. पाणी मारावंच लागतं."

"आणि वजन?"

शेठ हसले. "वो तो थोडा बढताच आहे."

पाणी जिथून येत होतं ती सिमेंटची टाकी मी वाकून बघितली. आत हिरवा तवंग, कडेला बोट लावलं तर बुळबुळीत. कधी धुतली विचारल्यावर पाइपवाला शेठकडे बघायला लागला. मी टाकीतलं पाणी घेतलं, ओला कापूस घेतला, हवेतली धूळ यंत्रात ओढून घेतली. काम सरळ होतं. पण मघापासून माझ्या कानाला काहीतरी टोचत होतं. यंत्रांच्या धडधडीतूनही ऐकू येत होतं. सगळ्या शेडमध्ये खोकला चालला होता. एक बाई थांबली की दुसरी सुरू. हे निरोगी गाव?

एक बाई तर टोपली खाली ठेवून खांबाला टेकली होती. पन्नाशीची, किडकिडीत, ओठ निळसर. छातीवर हात दाबून श्वास ओढत होती. मी तिला धरून बाहेर उन्हात आणलं, पाणी दिलं. तिचं नाव विमलबाई, राहणार इच्छापूरची, इथून महाराष्ट्राच्या वेशीकडे जायच्या रस्त्यावर. रोज भरलेल्या रिक्षातून येते.

"बाई, केव्हापासून होतंय असं?"

"लय साल झाले ना. आज शनवार हाये, म्हनून जास्त."

"शनिवारी का म्हणून?"

"कायले म्हंजे? काल सुट्टी व्हती. सुट्टीच्या दुसऱ्या रोजी छाती अशी आवयते का जीव जाते. सगळ्यायचं तसंच हाये, इचारा ना. मंग रोज रोज थोडी थोडी बसत जाते."

पुस्तकात या आजाराला सोमवारचा ताप म्हणतात. विलायतेत गिरण्या रविवारी बंद असत. एक दिवस छाती धुळीपासून मोकळी राहते, परत कामावर आलं की पहिल्या दिवशी सगळ्यात जोरात आवळते, मग आठवडाभर शरीर कसंबसं जुळवून घेतं. हीच या आजाराची खूण. दम्याला वार कळत नाही, टीबीलाही कळत नाही.

"विमलबाई, मागं पुण्याचे लोक आले होते ना? त्यांनी काय विचारलं होतं?"

"त्यायनं इचारलं, सोमवारी छाती भरते का? म्या म्हटलं, सोमवारी कायले भरीन? सोमवारपावतो त बसून जाते. समद्या बायायनं नै म्हटलं."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती खरंच जाते, मी तिथं अनुभवली. मूळ इंग्रजी प्रश्नात 'आठवड्यातल्या कामाचा पहिला दिवस' असे शब्द आहेत. मला ते तोंडपाठ आहेत. आमच्या कुणा दिवट्यानं भाषांतर करताना त्याचा 'सोमवार' करून टाकला होता. आणि मग पुण्याची ती सगळी शिकलेली मंडळी, गळ्यात ओळखपत्रं घालून, या बायकांच्या खोकल्याच्या मधोमध उभं राहून सोमवारची चौकशी करून गेली होती. कान होते की नाही त्यांना?

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, इथं सुट्टी शुक्रवारी असते."

"बरं. मग?"

"मग यांचा सोमवार शनिवारी येतो! आपण चुकीच्या वाराचं विचारलंय. आजार आहे इथं. भरपूर आहे."

मग साहेब म्हणाले, "प्रश्नावली प्रमाणित आहे, बाई."

"कुठल्या देशात?"

"हे बघा, आता निरोगी गाव बदललं तर सगळं गणित पुन्हा मांडावं लागेल. तुम्ही धूळ घेऊन या. दवाखाना चालवणं आपलं काम नाही."

फोन ठेवला त्यांनी. गणित म्हणे!

इच्छापूर, रविवार

रविवारी विमलबाई कामावर गेल्याच नाहीत, इतकी धाप लागली होती. मी शोभाताईंना घेऊन इच्छापूरला गेले. टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ, शोभाताई आधी वर जाऊन ओटी भरून आल्या. मी खालीच थांबले. देवीसमोर उभं राहून साहेबांविषयी मनात येत होतं ते बरं नव्हतं.

विमलबाईंचं घर रस्त्याला लागूनच. मुलगा दीपक केळीचे ट्रक भरायला गेलेला. सून रेखा घरात होती, कडेवर नुकती रांगायला लागलेली मुलगी, आरोही. विमलबाई मात्र मागच्या पडवीत. त्यांची खाट तिथं, ताट-तांब्या तिथं, पाण्याचा माठही वेगळा.

"त्यांना टीबी हाय ना," रेखा हळूच म्हणाली. "डॉक्टर बोले, बच्चीला दूर ठेवा. मला पण वाईट वाटतं, मॅडम. पण काय करणार?"

दोन वेळा टीबीचा पूर्ण कोर्स झाला होता. त्या औषधांनी विमलबाईंचं पोट गेलं, भूक गेली, खोकला तसाच. आता तिसरा, जास्त कडक कोर्स सुरू व्हायचा होता. मधे जळगावला दाखवायला गेल्या तर तिथं म्हणाले कार्ड एमपीचं आहे, बुऱ्हाणपूरला जा. आणि बुऱ्हाणपूरला म्हणाले मोठं यंत्र जळगावला आहे. वेस तर घरापासून हाकेच्या अंतरावर!

"मॅडम," विमलबाई पडवीतून म्हणाल्या, "औषद घेईन मी. दहा कोर्स घेईन. पन म्या नातीले अजून मांडीवर नै घेतलं वं माय. झाली तवापासून नै. दारातून दाखवते ही मले." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

रेखा रडायला लागली. शोभाताई रडायला लागल्या. मला रडू येत नव्हतं, मला कुणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं.

विमलबाईंनी हो म्हटल्यावर मी त्यांच्या थुंकीचे नमुने घेतले. मी काय करणार ते शोभाताईंनीच त्यांना समजावलं. "वहिनी जंतूंची पत्रिका मांडतात. टाकीतला, कापसातला, तुमच्या छातीतला, सगळ्यांची पत्रिका जुळते का बघणार." एरवी मी या वर्णनाला फाडून खाल्लं असतं, पण विमलबाईंना ते लगेच कळलं आणि मला त्याहून बरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी टीबीच्या सरकारी डॉक्टरांना गाठलं. भांडायच्या तयारीनं गेले होते, पण तो माणूस थकलेला आणि सरळ होता. "थुंकीत टीबीचा जंतू एकदाही मिळाला नाही मॅडम. पण छातीच्या फोटोत डाग आहेत, खोकला आहे, वजन उतरलंय. आणि तुमच्याच पुण्याच्या अहवालात लिहिलंय की इथं कापसाचा आजार नाही. मग माझ्याकडे उरलं काय?"

आमचाच अहवाल माझ्या तोंडावर मारला त्यांनी. विमलबाईंची तब्येत आणखी बिघडली नाही तर तपासण्या येईपर्यंत तिसरा कोर्स थांबवू, एवढं त्यांनी कबूल केलं.

पुन्हा बुऱ्हाणपूर

हिवाळा सरायच्या आत मी परत गेले. या खेपेला एका छातीच्या डॉक्टरणीला बरोबर नेलं, रजा काढून, स्वतःच्या खर्चानं. साहेबांनी परवानगी दिली नव्हती. मी ती मागितलीही नव्हती.

पत्रिका जुळल्या होत्या. टाकीतल्या पाण्यातला जिवाणू, ओल्या कापसावरचा आणि शेडच्या हवेतला, तिघांचा जीनोम जवळजवळ अक्षरन् अक्षर एक. म्हणजे तो टाकीत वाढतो, पाइपातून ढिगावर पडतो, कापूस वाळला की धुळीत उडतो. विमलबाईंच्या थुंकीत मात्र टीबीचा जंतू ना वाढवून सापडला, ना त्याचं एक जनुक सापडलं. नुसत्या जंतूवरून आजार ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून डॉक्टरणीनं शनिवारी कामाआधी आणि कामानंतर बायकांना श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकायला लावलं. सकाळी बऱ्यापैकी फुंकणाऱ्या बायका संध्याकाळी नळीतला काटा हलवता हलवता घामाघूम झाल्या. सोमवारी तोच खेळ पुन्हा केला, तर फरक निम्म्यावर आलेला.

जिनिंगमध्ये शेठनी हसतमुखानं टाकी दाखवली. धुतलेली, पांढरा रंग मारलेली. "आता लिहा ना मॅडम, सब क्लीन आहे." ढिगावर पाइप चालूच होता. आणि विमलबाई? "त्यांची तब्येत नाजूक आहे हो. आम्हीच म्हटलं, आराम करा." म्हणजे कामावरून काढलं. माझ्याशी बोलली म्हणून काढलं! मी शेठना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लोक काम सोडून बघत होते. शोभाताई मागून माझा पदर ओढत होत्या.

इच्छापूरला पोचलो तेव्हा दीपकही घरी होता. डॉक्टरणीनं विमलबाईंना तपासलं, जुने-नवे फोटो उजेडाला धरून बघितले, टीबीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलली. मग सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. हा टीबी नाही. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. तिसरा कोर्स घ्यायचा नाही. कापसाच्या धुळीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. छातीचं जे नुकसान झालंय ते भरून येणार नाही, पण वाढायचं थांबेल.

"मंग नातीले घेता येईन?" विमलबाईंनी एवढंच विचारलं.

"आत्ता घ्या," डॉक्टरीण म्हणाली.

रेखा जागची हलेना. दीपकनं तिच्या कडेवरून आरोहीला काढून आईच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं त्या अनोळखी तोंडाकडे बघितलं, ओठ काढले आणि असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं डोकावली. विमलबाई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसताहेत. हसता हसता खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. त्यांनी मान एका बाजूला वळवली, छाती गदगदत होती, पण हात पोरीभोवती घट्ट.

रेखाचे हात पुढे आले. तिला काय बोलायचं? पोरगी झाल्यापासून तिला हेच शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांत आम्हीही होतो. "द्या मम्मी," ती घाबरून म्हणाली, "खोकला थांबला की मग घ्या परत."

विमलबाईंनी श्वास ओढून घेतला, पुन्हा खोकल्या, आणि सुनेच्या हाताला फटका मारला.

"खोकला नै थांबनार वं. हा आता असाच राहीन. पोरगी नै देत मी."